तुम्ही विचारलंत म्हणून: खिडकीतलं घड्याळ

"ताई, लेबलवरचा आकडा दर सेकंदाला बदलायचाय. पण लूप लावला की खिडकीच गोठते. असं का होतं?" डिचोलीत माझ्याकडे पायथन शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच.

मुलं टीकेइंटर वापरतात, म्हणजे पायथनमध्ये खिडक्या, बटणं आणि लेबलं (मजकूर दाखवायच्या पट्ट्या) करायचं साधन. लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवत, आकडा बदलायचा आणि 'टाइम डॉट स्लीप'नं सेकंदभर थांबायचं, हेच आधी सुचतं. दहापासून उलटं मोजायला लावलं, तर दहा सेकंद खिडकी ढिम्म. बटण दबत नाही, खिडकी सरकत नाही आणि शेवटी एकदम शून्य दिसतं. मधले आकडे बदललेले असतात, पण ते पडद्यावर काढायला कुणी मोकळं नसतं. खिडकी रंगवणं, क्लिक टिपणं हे सगळं टीकेइंटरचा मुख्य लूप, म्हणजे 'मेनलूप', एकटा करतो; आपल्या लूपनं त्याला अडवून धरलेलं असतं. रायबंदर-चोडण फेरीबोट चालवणारा ऐन मांडवीत इंजीन बंद करून झोपला, तर दोन्ही धक्क्यांवर माणसं ताटकळणारच.

म्हणून स्लीप नको, टीकेइंटरचं 'आफ्टर' वापरा. त्याला हजार मिलिसेकंद (म्हणजे एक सेकंद) आणि आकडा बदलणाऱ्या फंक्शनचं, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याचं, नाव द्यायचं. मेनलूप आपली कामं करत राहतो आणि वेळ झाली की ते फंक्शन चालवतो. चालवतो मात्र एकदाच, त्यामुळे फंक्शननं संपता संपता पुढचा 'आफ्टर' स्वतःच लावायचा. नावापुढे कंस देऊ नका. कंस दिले की फंक्शन वाट न बघता तिथंच चालतं, पुन्हा स्वतःलाच बोलावतं, आणि असं स्वतःलाच बोलावणं थांबेना की पायथन 'रिकर्शन एरर' देऊन थांबतो.

इथपर्यंत मुलं पटकन येतात. खरी गोम पुढं आहे, आणि ती मला आमच्या गावच्या उत्सवातल्या नाटकानं दाखवली. तालमीला किती वेळ लागतो ते बघायला मी खिडकीत घड्याळ केलं होतं. दर फेरीला एक मिळवायचं, इतकंच. पण ते भिंतीवरच्या घड्याळाच्या मागं पडायला लागलं. 'आफ्टर' सांगितलेल्या वेळेआधी येत नाही, उशिरा मात्र येऊ शकतो. फेरीमागं पाच मिलिसेकंद जरी सांडले, तरी तीन तासांच्या नाटकात 10,800 फेऱ्या होतात आणि 54 सेकंद हरवतात. तेव्हापासून मी फेऱ्या मोजत नाही. सुरुवातीची वेळ 'टाइम डॉट मोनोटॉनिक'नं (पायथनचं कधीही मागं न जाणारं घड्याळ) एकदाच टिपून ठेवते आणि दर वेळी तिच्यापासूनचा फरक लेबलवर लिहिते. फेरी उशिरा आली तरी आकडा बरोबरच येतो. फेरीही हजारऐवजी दोनशे मिलिसेकंदांची ठेवते, म्हणजे एखादा सेकंद गाळल्यासारखा दिसत नाही.

त्याच तालमीत कुणीतरी 'सुरू' दोनदा दाबलं आणि घड्याळ दुप्पट धावायला लागलं. एकामागून एक लागणाऱ्या 'आफ्टर'च्या दोन साखळ्या एकाच आकड्यात भर घालत होत्या. 'आफ्टर' एक ओळखक्रमांक परत देतो. तो जपून ठेवा, आणि नवी साखळी सुरू करण्याआधी 'आफ्टर कॅन्सल'ला तो देऊन जुनी तोडा.