पांढरी निघालेली गुलाबी अळी

2018चा ऑगस्ट, यवतमाळ जिल्हा. कृषी सहायक म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाऊन टाकली होती, म्हणून त्या साली गावोगाव सभा चालू होत्या. माझ्या वाट्याला त्या दिवशी दोन गावं आली. भाषण चार पानी, आदल्या रात्री आरशासमोर दोनदा म्हटलेलं.

पहिलं गाव सकाळी. मारुतीच्या पारावर उभं राहून ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणालो. व्यासपीठावर मी, सरपंच आणि एक झोपलेलं कुत्रं. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्ती अध्यक्ष अशी नावं घेण्यातच पाच मिनिटं गेली. मग ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’. मग ‘आर्थिक नुकसानीची पातळी’. कागदावरून मान वर केली तेव्हा मागची रांग उठून निंदणाला निघालेली.

तेवढ्यात एका काकांनी दुपट्ट्याच्या गाठीतून एक फूल काढून पुढं धरलं. “साहेब, थे पातळी राहू द्या जी. हे काय होय, थे सांगा.”

डोमकळी होती. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. मी त्या नखानं सोडवल्या, तर आतून बारीक जाळीनं शिवल्यासारख्या चिकटलेल्या, आणि मध्ये तांदळाच्या कणीएवढी अळी.

“हे त पांढरी हाये! गुलाबी म्हनता ना तुमी?”

खरं होतं त्यांचं. लहान असताना ती पांढुरकीच असते, डोकं तेवढं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. म्हणजे गुलाबी अळी शोधायला सांगणारं आमचं नावच लोकांना चकवत होतं, आणि चार पानांत मी हे कुठंही लिहिलं नव्हतं. निघालेली रांग परत येऊन काकांच्या खांद्यावरून वाकली. पुढची वीस मिनिटं कागद खिशातच राहिला.

दुपारच्या गावाला जाताना वाटेतल्या एका शेतात विचारून सात-आठ डोमकळ्या तोडल्या. तिथं सरपंचांना नुसता रामराम केला (ते जरा नाराज दिसले) आणि फुलं वाटली. “उघडून पाहा” म्हणालो आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं फार अवघड गेलं. जीभ वळवळत होती, मनात तीसपर्यंत आकडे मोजले. मग एक आजी ओरडल्या, “अगं माय, इतकुशी!”

त्यानंतर दोनच गोष्टी सांगितल्या: एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पाखरं ओढून घेणारे) लावा, आणि सलग तीन रात्री, दर रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पाखरं सापडली तरच फवारा. पातळी म्हणजे हीच, पण तो शब्द काढला नाही.

“सापळा केवढ्याले भेटते?” मागून एकानं विचारलं.

दर मला ठाऊक नव्हता. उद्या सांगतो म्हणालो, आणि चार पानांच्या पाठकोऱ्या बाजूला त्याचा फोन नंबर लिहून घेतला.