तुम्ही विचारलंत म्हणून : सोलापुरात सायकलचा तळ कुठे टाकावा?

थंडी पडायला लागली की पुण्या-मुंबईकडच्या सायकलवाल्यांचे फोन सुरू होतात. विचारणं साधारण एकच असतं. तीन-चार दिवस सोलापूर भागात फिरायचंय, पण रोज सामान लादून पुढचा गाव गाठायचा नाही. एका जागी तंबू टाकायचा, सकाळी मोकळ्या सायकलने निघायचं, फिरून मुक्कामाला परत यायचं. ताई, जागा कुठली धरू?

माझं उत्तर मंगळवेढा. ते ऐकून बरेच जण थोडे हिरमुसतात, कारण मनात हत्तरसंग कुडल असतं. भीमा-सीनेचा संगम, संगमेश्वराचं जुनं मंदिर, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ मधला मराठी शिलालेख. जागा आहेच तशी, तिथे गेल्याशिवाय राहू नका. पण दोन नद्यांच्या बेचक्यातल्या जागेला दोन बाजूंनी पाणी असतं. ज्या रस्त्याने आत गेलात त्याच रस्त्याने रोज बाहेर यायचं. दुसऱ्या दिवसापासून तेच वळण, तोच खड्डा. डोळ्यांना सुंदर दिसणारी जागा आणि तळाला चांगली जागा यांत फरक करायला हवा. तळ निवडताना मी आधी गावातून फुटणारे रस्ते मोजते.

मंगळवेढ्यातून ते चहूकडे फुटतात. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर, सांगोला तीसच्या आसपास, भीमेकाठचं माचणूर त्याहून बरंच जवळ, आणि सोलापूर पंचावन्न. थकलात तर माचणूर करा, अंगात जोर असेल तर सांगोला. शिवाय गाव तालुक्याचं. दवाखाना आहे, पंक्चरवाला आहे, रात्री गरम भाकरी मिळते. भाकरीही मालदांडी ज्वारीची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि हिवाळ्यात दोन्ही बाजूंना त्याच ज्वारीतून सायकल चालते. जानेवारीत कुणी रानात हुरड्याला बोलावलं तर पुढचा बेत खुशाल मोडा.

सोलापूर शहरात तळ ठेवू नका असं मी, सोलापूरची असूनही, सांगते. पुणे-हैदराबाद आणि विजयपूरचा, दोन्ही महामार्ग इथूनच जातात. शहराबाहेर पडेपर्यंत ट्रकच्या शेजारून चालवायचं आणि परत येताना पुन्हा तेच. तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट करायचं असेल तर अक्कलकोटला वेगळा मुक्काम करा. तिथे भक्तनिवास आहे, अन्नछत्र आहे, तंबू उघडायचीही गरज पडत नाही.

आता तंबूची जमीन. आपल्याकडे ठरवून आखलेली कॅम्पिंगची मैदानं जवळपास नाहीतच. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण किंवा कुणाची तरी वस्ती, हीच आपली सोय. उजेड असतानाच पोचा. पुजारी, पोलीस पाटील किंवा मुख्याध्यापक, जे कोणी असतील त्यांना विचारा. 'कुठनं आलाव?' यापुढे फार चौकशी होत नाही, चहा मात्र होतो. बाईमाणसांनी संडास कुठे आहे आणि रात्री आवारात कुटुंब राहतं का, हे तंबू उघडण्याआधी बघावं. मी स्वतः वस्तीच्या कडेला, कुणाच्या तरी दाराचा दिवा दिसेल अशाच जागी टाकते.

काळ्या रानात मात्र कधीच नाही. अवकाळीची एक सर आली की ती माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने खरवडून काढा, दहा पावलांवर परत भरतं. मुरमाड जागा शोधा. खुंट्या ठोकायला त्रास होतो, पण पाणी निचरून जातं. मुरमाड माळावर दुसरा शत्रू असतो, सराटा. वाळलेलं फळ कुठूनही पडलं तरी एक काटा वर असतोच, तो टायरमधून थेट ट्यूबपर्यंत जातो. म्हणून सायकल तंबूपर्यंत ढकलत नेऊ नका, शेवटची वाट खांद्यावर घ्या. सकाळी निघताना टायरवरून जाड फडकं फिरवा. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराट्याचा तुटलेला तुकडा बोटालाच कळतो.

पावसाळ्यात येणाऱ्यांना नदीकाठाबद्दल कळकळीने सांगते. आपल्याकडे आभाळ कोरडं असतानाही भीमा चढते, कारण उजनी आणि वीर धरणांतून सोडलेलं पाणी इथे येतं. माचणूरचा घाट पाहून तिथेच झोपावंसं वाटेल. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ त्याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती, आणि भीमेच्या पुराने त्या छावणीची दैना केल्याची नोंद मुघल तवारिखांत आहे. घाटावर बसा, देवदर्शन करा, झोपायला उंचावर या.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो आणि दुपारी चांगलाच रेटतो. तेव्हा सकाळी सांगोल्याकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर निघा, दमल्यावर परतताना तो पाठीशी येतो. एप्रिल-मे मध्ये येऊच नका. पारा चाळिशी ओलांडतो आणि ज्वारी निघाल्यावर मैलोन्‌मैल सावली नसते.

डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण तेव्हा उसाचा हंगाम जोरात असतो. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्री कारखान्याकडे जातात, कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत तळावर परत या, याबाबत मी कुणालाच सूट देत नाही. आणि आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात पंढरपूरच्या आसपास जागा धरू नका. ६५ एकर नावाच्या वारकरी तळावर आणि सगळ्या मठांत वारकऱ्यांच्या दिंड्या उतरलेल्या असतात, ती जागा त्यांचीच आहे. एकादशी कधी आहे ते बघून मला तारीख कळवा, मंगळवेढ्यात कुणाला विचारायचं ते मी सांगेन.