‘मी केलो’ म्हणणाऱ्यांच्या लग्नात

बेळगावला निघाले तेव्हा पुण्यात सगळ्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. कुंदा आणशील ना, आणि तिथं मराठी चालतं का. कुंदा आणला. मला स्वतःला तो फार गोड लागतो, पण हे बेळगावात मोठ्यानं बोलायचं नसतं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ही सगळी पोस्ट खर्च होणार आहे.

मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, खानापूर तालुक्यातल्या तिच्या गावी. कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर हा रस्ता झोपेत गेला. बेळगावच्या स्टँडवर मैत्रीण आणि तिची आई न्यायला आल्या होत्या. गावाकडच्या बसवर पाटी कन्नडमध्ये, आकडेसुद्धा. कंडक्टर मागच्या सीटपासून ‘एल्लिग्री?’ करत आला आणि आमच्यापाशी येईपर्यंत त्याचं ‘कुठं?’ झालं होतं. चेहरा बघून की साडी बघून, कोण जाणे. मायलेकींनी आधार कार्ड दाखवलं, त्यांना शून्य रुपयाचं तिकीट मिळालं. कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. मी पैसे मोजले. ‘तुमच्या महाराष्ट्रात अर्धं, इथं शून्य,’ मैत्रिणीची आई म्हणाली. या बाईंचे थोरले दीर दर एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून काळे कपडे घालून सायकल फेरीत जातात. मी तसं म्हटल्यावर त्या हसल्या. ‘सीमाप्रश्न वेगळा, तिकीट वेगळं.’

याच बसगाड्या फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून झालेल्या भांडणानंतर दोन्ही राज्यांच्या सीमेवर अडकून पडल्या होत्या. आमच्या बसमध्ये भांडण झालं ते खिडकी उघडी ठेवण्यावरून, आणि ते दोन्ही भाषांत झालं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

हळदीच्या आदल्या रात्री मागच्या सोप्यात बायका खोबरं किसत, लसूण सोलत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला त्या बाजूला गेले. आतून आवाज येत होता. कुणाच्या तरी ब्लाऊजचं शिंप्यानं वाटोळं केलं होतं, त्याची गोष्ट चालली होती. ‘मी सांगितलो त्याला, मापाचा ब्लाऊज दिलोय, तसाच शीव. त्यो काय ऐकूलालाय?’ बायका पोट धरून हसत होत्या. मैत्रिणीचा आवाज सगळ्यात वर. इतक्या वर्षांत तिला असं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं.

मी दारात उभी राहिले आणि सगळ्या गप्प. मग एकीनं पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, ‘या ना, बसा ना. आपण चहा घेणार का?’

आपण! खोबरं किसणारी बाई मला आपण म्हणत होती. मी म्हटलं, गोष्ट पुढे सांगा की. तिनं सांगितलीही, पण माझ्यासाठी. ‘मी त्याला सांगितलं होतं की मापाप्रमाणे शिवा, परंतु त्यांनी ऐकलं नाही.’ कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. शिंपीसुद्धा आदरार्थी झाला होता. मैत्रीणही माझ्याशी ‘मी केलं, मी सांगितलं’ सुरू झाली आणि पुढच्याच वाक्याला काकीकडे वळून ‘मी केलो’. मान वळली की क्रियापद वळत होतं.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली थोरली आत्ती हे सगळं बघत होती. ती म्हणाली, ‘काय गं, पुण्याची मैत्रीण आली की इस्त्री करून बोलूलालीस?’ आणि मग शिंप्याची गोष्ट तिनं स्वतः पहिल्यापासून सांगितली, माझ्याकडे बघत, एकही शब्द न बदलता. दोन ठिकाणी मला कळलं नाही. तरी मीही हसले, कारण बाकीच्या हसत होत्या आणि आत्तीचे हातवारे बघण्यासारखे होते.

रात्री गच्चीवर मैत्रिणीनं सांगितलं ते मला आधी कधीच कळलं नव्हतं. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या महिन्यात ती सहज म्हणाली होती, ‘मी जेवलो.’ खोलीतल्या मुलींना दोन गमती एकदम सापडल्या, मुलगी असून ‘जेवलो’ आणि वर तो हेल. तिला म्हणे ‘कानडी’ हे नाव पडलं. पुढच्या दिवाळीपर्यंत तिनं बोलणं असं बदललं की कुणाला गाव ओळखता येईना. घरून फोन आला की ती उठून बाहेर जायची. मला वाटायचं, काही खासगी असेल. खासगी काही नव्हतं, फक्त ती भाषा पोरींच्या कानावर पडू द्यायची नव्हती.

मला याचा राग येतो, आणि तो कन्नड पाट्यांपेक्षा जास्त येतो. १९४६ साली मराठी साहित्य संमेलन याच बेळगावात झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथून उठली. महाराष्ट्र झाला आणि हे लोक बाहेर राहिले. मराठीसाठी इथल्या पिढ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले. आणि यांची मुलगी पुण्यात येते तेव्हा आपण तिला सांगतो की तुझी मराठी कानडी आहे. बंगळुरूत तिला मराठी म्हणून ओळखतात ते वेगळंच. ‘मी केलो’ ही कन्नड वळणाची रचना असेलही. शेजारणीशी शेकडो वर्षं बोलल्यावर वाक्याला तिचं वळण येणारच. तिकडच्या कन्नडमध्ये मराठी काय कमी आहे? ‘खरे’, ‘काका’, ‘मावशी’ बाजारात मी स्वतः ऐकले.

हळदीचा दिवस उन्हात आणि डीजेत गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, डोकं दुखत होतं.

लग्नाच्या दिवशी धारवाडहून नवऱ्याकडची मंडळी आली. तेही मराठाच, घरात मराठीच बोलणारे, पण तिसरीच मराठी. त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की आत्तीसुद्धा मधेच ‘आँ?’ करायची. मुलीकडची पत्रिका मराठीत, मुलाकडची कन्नडमध्ये. नवऱ्याची आजी मराठी बोलते पण देवनागरी वाचत नाही, शाळा कन्नड. तिला मराठी पत्रिका नातीनं वाचून दाखवली. त्यांनी पेढे आणले, इकडून कुंदा गेला, आणि कुठला चांगला यावर दोन्हीकडच्या बायका जेवणभर हमरीतुमरीवर. माझं मत पेढ्याला. दिलं नाही.

जेवणाच्या पंगतीत थोरल्या दिरांची जागा मुलाच्या मामांशेजारी आली. दिरांना सीमाप्रश्न तोंडपाठ. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, त्यात २६४ गावं महाराष्ट्राला, निपाणी आणि आपलं खानापूर धरून, २४७ कर्नाटकाला, बेळगाव मात्र तिकडेच. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. हे सगळं त्यांनी भात येईपर्यंत सांगितलं. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, एक नोव्हेंबरला आम्ही आमच्या गल्लीत कर्नाटकाचा लाल-पिवळा झेंडा लावतो, दरवर्षी, मीच चढवतो. मी जीव मुठीत धरला. दिरांनी विचारलं, ‘मग बेंद्रे तुमचेच की?’ मामा म्हणाले, ‘धारवाडचे, आमचेच. घरात मराठी बोलायचे.’ कन्नडसाठी ज्ञानपीठ मिळवणारे द. रा. बेंद्रे मराठी घरातले, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघेही त्यावर आपापला हक्क सांगत होते. वाढप्याला दिरांनी कन्नडमध्ये सांगितलं की पाहुण्यांना अजून शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, वाढ. त्यांचं कन्नड मामांपेक्षा शुद्ध आहे असं मामाच मला म्हणाले, थोडे वैतागून. सरकारी कचेरीत भांडून भांडून झालंय तसं.

दुसऱ्या दिवशी बेळगावचा किल्ला आणि त्यातलं जुनं जैन मंदिर, कमल बस्ती, घाईत. कमल बस्तीचं छत सुंदर आहे, मान दुखेपर्यंत बघावं. मग पुण्याची बस.

घरी पोचल्यावर एका नंबरवरून कन्नड अक्षरांत लांबलचक मेसेज आला. मी मैत्रिणीला पुढे पाठवला. तिचा हसतानाचा आवाज आला, मेसेज मराठीतच होता, कन्नड लिपीत लिहिलेला. नवऱ्याच्या बहिणीला देवनागरी टाइप करता येत नाही. मैत्रिणीनं वाचून दाखवला: ताई, तुम्ही पंगतीचे फोटो काढलासा ते पाठवा की, आणि आज्जी विचारूलाली, पेढे संपलेत काय. मैत्रीण हे हॉस्टेलच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर वाचून दाखवणार होती, मग म्हणाली, नको, त्यांना नाही कळायचं. मी फोटो पाठवले. पेढे संपलेत हेही कळवलं.