कोणते झुरळ, हे आधी पाहावे

जगात झुरळांच्या सुमारे साडेचार हजार जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांपैकी माणसाच्या वस्तीशी संबंध येणाऱ्या जाती जेमतेम तीसच्या आसपास आहेत. उरलेल्या जाती जंगलातील पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडात आणि गुहांमध्ये राहतात आणि सेंद्रिय पदार्थ मातीत परत मिसळण्याचे काम करतात. घरात वारंवार आढळणाऱ्या जाती तर चार-पाचच आहेत, पण त्यांच्या सवयी एकमेकींपासून इतक्या भिन्न आहेत की एकीवर लागू पडणारा उपाय दुसरीवर वाया जातो. म्हणून औषध कोणते मारावे, या प्रश्नाआधी झुरळ कोणते आहे, हा प्रश्न विचारायला हवा असे मला वाटते.

सर्वांत त्रासदायक जात म्हणजे जर्मन झुरळ, शास्त्रीय नाव ब्लॅटेला जर्मॅनिका. हे लहानसे, जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीचे आणि फिकट तपकिरी असते. डोक्यामागच्या ढालीसारख्या भागावरील दोन समांतर काळ्या रेषा ही त्याची खात्रीची खूण. त्याला पंख असले तरी ते जवळजवळ उडत नाही, मात्र पायांच्या टोकाशी चिकट गाद्या असल्यामुळे काचेवरही सहज चढते. या जातीचे यश मादीच्या एका सवयीत दडलेले आहे. तीस-चाळीस अंडी असलेली पेटी ती कुठेतरी टाकून देत नाही, तर पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारापर्यंत पोटाच्या टोकाशी बाळगून हिंडते. अंडी त्यामुळे कोरडी पडत नाहीत आणि मुंग्या वा इतर शत्रूंच्या हाती सहसा लागत नाहीत. उबदार जागी अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण दोन महिने पुरतात, आणि एका वर्षात किती पिढ्या होतील याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

अमेरिकन झुरळ, म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, याच्या अगदी उलट वागते. ते चार सेंटीमीटरपर्यंत वाढते, रंगाने तांबूस तपकिरी असते आणि त्याच्या ढालीच्या कडेला पिवळसर पट्टा असतो. मादी साधारण चौदा ते सोळा अंड्यांची पेटी एक-दोन दिवसांत एखाद्या फटीत चिकटवून मोकळी होते, आणि पिल्लाला प्रौढ व्हायला सहा महिन्यांपासून वर्षाहूनही अधिक काळ लागतो. त्याचे खरे घर गटारे, मोऱ्या आणि तळघरे हे असल्यामुळे घरात दिसणारे झुरळ बहुधा बाहेरून आलेले असते. अशा वेळी कपाटे फवारत बसण्यापेक्षा जाळी बसवणे आणि भेगा बुजवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पौर्वात्य झुरळ काळपट, थंड आणि ओलसर जागा पसंत करणारे असून त्याच्या मादीचे पंख नावापुरतेच असतात. तपकिरी पट्ट्यांचे झुरळ मात्र कोरड्या उबेचे शौकीन आहे. ते उंचावरील कपाटांत, तसबिरींमागे आणि विजेच्या उपकरणांत राहते, त्यामुळे स्वयंपाकघरात शोधणाऱ्याला ते सापडत नाही. यातील देशवाचक नावांवर फारसा विश्वास ठेवू नये. अमेरिकन झुरळ मूळचे आफ्रिकेतील मानले जाते, तर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार जर्मन झुरळ सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून निर्माण झाले.

या सर्वांची शरीररचना मात्र बरीचशी समान आहे. झुरळ नाकाने श्वास घेत नाही. वक्ष आणि उदराच्या बाजूंना असलेल्या श्वासरंध्रांच्या दहा जोड्यांमधून हवा बारीक नळ्यांच्या जाळ्यात शिरते आणि थेट पेशींपर्यंत पोहोचते. रक्ताला प्राणवायू वाहायचा नसल्यामुळे ते लाल नसते. डोके तुटलेले झुरळ काही दिवस जिवंत राहते ते याच रचनेमुळे, त्यात कोणतीही जादू नाही. त्याच्या पळण्यामागेही अशीच सोय आहे. पोटाच्या टोकावरील दोन शेपट्यांसारख्या अवयवांवर अतिसूक्ष्म केस असतात. हवेची हलकी झुळूक त्यांना जाणवते आणि तो संदेश मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता जाड चेतातंतूंमधून थेट पायांच्या चेतापुंजांकडे जातो. सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात झुरळ वळलेले असते, आणि अमेरिकन झुरळाचा वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत मोजला गेला आहे.

आहाराबाबतची त्याची युक्ती मला सर्वांत विलक्षण वाटते. झुरळाच्या शरीरातील चरबीत विशिष्ट जिवाणू राहतात आणि ते टाकाऊ यूरिक आम्लातील नत्र वापरून अमिनो आम्ले तयार करून देतात. त्यामुळे प्रथिने नसलेल्या खळीवर किंवा खरकट्यावरही झुरळाचे भागते. पाण्याचे तसे नाही. अन्नावाचून काही आठवडे काढणारे जर्मन झुरळ पाण्यावाचून त्याहून बऱ्याच कमी काळात मरते, म्हणून गळका नळ दुरुस्त करणे हा फवारणीइतकाच गंभीर उपाय आहे. अणुयुद्धातून झुरळेच वाचतील ही समजूत मात्र सोडून द्यावी. किरणोत्सर्ग ती माणसापेक्षा अधिक सोसतात हे खरे, पण फळमाशी त्यांनाही मागे टाकते. कधीकधी दिसणारे पांढरेशुभ्र झुरळ ही वेगळी जात नसून नुकतीच कात टाकलेले झुरळ असते, आणि काही तासांत त्याचा रंग परत येतो.

झुरळांच्या विष्ठेतील आणि गळलेल्या कातेतील प्रथिनांमुळे दमा बळावू शकतो, त्यामुळे त्यांचा बंदोबस्त आवश्यकच आहे, आणि बंद जागी ठेवलेले विषारी आमिष हे उघड्या फवाऱ्यापेक्षा सहसा अधिक उपयोगी पडते. पण जर्मन झुरळाने त्यावरही वाट काढली. आमिषात ग्लुकोज घातले जाऊ लागल्यानंतर ते न खाणारी झुरळे 1993 मध्ये नोंदवली गेली, आणि 2013 मधील संशोधनात असे दिसले की त्यांच्या चवीच्या पेशींना ग्लुकोज कडू लागते. याचा फटका त्यांच्या मीलनालाही बसला. नर मादीला पाठीवरचा गोड स्राव खाऊ घालतो, त्यातील शर्करेचे मादीच्या लाळेत ग्लुकोज बनते आणि कडू चव लागताच ती निघून जाते. अशा वंशातील नरांच्या स्रावात आता ग्लुकोजमध्ये सावकाश रूपांतर होणाऱ्या शर्करेचे प्रमाण अधिक आढळते, आणि मीलनाची क्रियाही ते अधिक झटपट सुरू करतात.