सोळा मीटरची रेघ

मे महिन्यातली रात्र. रत्नागिरीबाहेर वस्ती वाढत चाललेल्या रस्त्यावर एक कार उजवीकडे वाडीच्या रस्त्याला वळत होती. समोरून आलेली मोटारसायकल तिच्यावर आदळली. तरुण जागीच गेला. सकाळी मोटार वाहन निरीक्षक म्हणून मी गाडी तपासायला पोचलो, तोवर कारवाला सांगत होता की बाईकची लाईट बंद होती आणि तरुणाच्या घरचे म्हणत होते, ब्रेक फेल झाला.

लाईट चालू होती. हेडलाइटची काच फुटली होती, पण आतला हॅलोजन बल्ब शाबूत होता. भिंगाखाली धरला, तर तार ताणून एका बाजूला लोंबलेली. पेटत्या बल्बची तार मऊ असते, धक्क्याने ती अशी ताणली जाते. थंड तार ताणत नाही, तुटते.

ब्रेकही ठीक होते. गाडी 2016 ची, 150 सीसी, चाक जाम होऊ न देणारं एबीएस नसलेली. पुढच्या डिस्कचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, ऑइल बरोबर. मागच्या टायरवर मात्र एकाच जागी घासून सपाट झालेला चट्टा होता, पुढचा टायर स्वच्छ. म्हणजे त्याने पायातला मागचा ब्रेक गच्च दाबला, हातातला पुढचा जवळपास वापरलाच नाही. त्याला दोष देववत नाही. ‘पुढचा दाबलास तर पडशील’ हेच आपल्याकडे पोरांना शिकवतात. खरं तर ब्रेक लागला की भार पुढे जातो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं, आणि थांबवायची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात उरते.

डांबरावर घसरलेल्या टायरची रेघ 16 मीटर भरली. कोरडा रस्ता, एकटं मागचं चाक जाम, म्हणून घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, 0.4 धरला. तेवढ्या घसरण्यात ताशी 40 किलोमीटरची ऊर्जा जिरते. पुढचं चाक फूटभर मागे ढकललं गेलं होतं, त्यावरून धडकेचा वेग साधारण 50 धरला. या दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ब्रेक दाबण्याआधीचा वेग ताशी 64.

तोच मुलगा 40 ने येत असता, तर तसाच नुसता मागचा ब्रेक दाबूनही त्या 16 मीटरमध्येच थांबला असता. शिवाय भान येऊन पाय दाबेपर्यंतच्या दीड सेकंदात 64 ने जवळपास 27 मीटर जातात, 40 ने 17. ते 10 मीटर वेगळेच.

अहवालात यांत्रिक दोष नसल्याचं लिहिलं आणि हे गणित जोडलं. वळणावरच्या दगडी गडग्यावर करवंदीची जाळी माजली आहे, दोघांनाही एकमेकांची गाडी उशिरा दिसली असणार. ती पावसाआधी तोडावी, हेही लिहिलं.