टाचणवही

आज तालुक्याला प्रशिक्षण. विषय ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने नुसतं ऐकून नाही, स्वतः करून शिकायचं. साहेब तीन तास पीपीटी वाचत होते, आम्ही उतरवून घेत होतो!

घरी येऊन माळ्यावरची डीएडची टाचणवही (पाठाची आखणी लिहायची वही) काढली. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन... हर्बार्टच्या नावाची पंचपदी, पाठ शिकवायच्या पाच पायऱ्या. हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ १८४१ मध्ये वारला, पण आमच्या पाठ टाचणात ठाण मांडून होता. पायरी चुकली की लाल शेरा. पुढे २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा म्हणाला, मूल स्वतः ज्ञान रचतं. मग साताऱ्याचं कुमठे बीट (ज्ञानरचनावादासाठी गाजलेला शाळांचा गट) बघून आलो आणि वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने तक्ते रंगवले. (गुडघ्यांना अजून आठवतंय.) आता अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं त्याची यादी.

उद्या चौथीला अपूर्णांक आहे. भाकरी घेऊन जाणार. ती कुठल्या वादात बसते ते साहेबांनी ठरवावं.