रायफलचा झटका आणि बॅरलवरची वजनं

गेले तीन-चार महिने मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, १० मीटर एअर रायफलचा छर्रा सुटल्यावरचा झटका. लोक म्हणतात एअर रायफलला कसला आला झटका, आणि खरंच तो खांद्यावर बसत नाही, पण साइटमधून बघणाऱ्याला कळतो. माझी मझल, म्हणजे बॅरलचं (नळीचं) तोंड, दर शॉटला वर उडून उजवीकडे पडायची आणि निशाण्याचा काळा गोल पार गायब. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे अशी उडी दिसली की मन खट्टू होतं.

पहिल्यांदा डोक्यात आला कॉम्पेन्सेटर, म्हणजे झटका कमी करायला नळीच्या तोंडाशी लावायचा भोकांचा भाग. रेंजवर एक पिस्टलवाला मित्र आहे, त्याच्या एअर पिस्टलच्या तोंडाशी वरून भोकं आहेत, छर्ऱ्यामागची हवा तिथून वर निघते आणि त्या जोराने तोंड खाली दाबलं जातं. म्हटलं आपणही लावू. ऑनलाइन मागवला, बसवला, तर ग्रूप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, उलट फाटला, दहातले दोन-तीन छर्रे भलतीकडेच. काढून टॉर्च मारला तर आतल्या कडेला सिसाचा काळपट ओरखडा, म्हणजे तो बॅरलच्या सरळ रेषेत बसलाच नव्हता आणि छर्रा जाता जाता घासत होता. तेवढ्यात सर आले, "काय करून राहिला बा तू? काढ ते आधी, रायफलला चालतच नाही." मग नियम वाचले. आयएसएसएफच्या (नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) मॅचला एअर पिस्टलला हे चालतं, पण रायफलला कॉम्पेन्सेटर, मझल ब्रेक दोन्ही बंद, पुढच्या नळीला भोकंसुद्धा नकोत. मॅचला गेलो असतो तर इक्विपमेंट कंट्रोललाच, म्हणजे साहित्याच्या तपासणीतच, अडकलो असतो.

त्या रात्री घरी हिशोब मांडून बघितला. छर्रा साधारण ०.५३ ग्रॅम, रायफल साडेचार किलो, बॅरल ४२ सेंटीमीटर धरलं तर छर्रा तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे सरकते जेमतेम ०.०५ मिलिमीटर! मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन काढला तर मझल उडताना दिसते तोवर छर्रा केव्हाच बाहेर पडलेला असतो. म्हणजे ती मोठी उडी शॉट बिघडवत नाही, आपलं शरीर रायफलला कुठे ढकलतंय, कुठे आवळतंय ते दाखवते. आणि तो दाब छर्रा आत असतानाही असतोच की, म्हणून उडी कमी करण्यापेक्षा ती दरवेळी सारखी आणि सरळ वर यायला हवी, हे मला पटलं.

मग ड्राय फायर केलं. हवा नाही, छर्रा नाही, तरी मझल उजवीकडे हलली! म्हणजे अर्धा दोष ट्रिगरच्या बोटाचा होता, मी ते सरळ मागे न ओढता कडेने दाबत होतो. आठवडाभर फक्त तेच केलं. झटक्याची तक्रार असेल त्याने आधी ही परीक्षा करावी असं मला अगदी मनापासून वाटतं, पैसे लागत नाहीत आणि वस्तू घेण्याआधी दोष कुणाचा ते कळतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी बॅरलवरची वजनं. ती नियमात बसतात, फक्त सगळी मिळून रायफल साडेपाच किलोच्या वर जायला नको. माझी दोन्ही वजनं पार टोकाला होती, तोंड जड म्हणजे स्थिर अशी माझी समजूत. उडी कमी होती खरी, पण तेवढं वजन धरून ठेवायला डावा हात ताणला जायचा आणि सुटल्या सुटल्या तोच रायफल बाजूला फेकायचा. एक वजन चार सेंटीमीटर मागे घेतलं, पेन्सिलने खूण केली, दहा शॉट. मग अजून दोन, पुन्हा दहा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते समजतच नाही. सहा सेंटीमीटरला मझल सरळ वर जाऊन आपोआप गोलावर परत यायला लागली, त्या दिवशी मी रेंजवरून घरी येईस्तोवर हसतच होतो.

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं ५० मीटरचं ब्राँझ आलं तेव्हापासून आमच्याकडे पोरं वाढलीत आणि त्यांचे आईबाबा विचारतात, भाऊ, पुढे लावायला काही घ्यावं लागते का? नाही हो. आधी बट प्लेट, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, पोराच्या खांद्याच्या मापाची करून घ्या.

तेच माझंही बाकी आहे. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी सातलाच जॅकेटच्या आत घामाच्या धारा लागतात, बट प्लेट खांद्यावर दरवेळी थोडी वेगळीकडे बसते आणि उडी पुन्हा उजवीकडे झुकते. उद्या प्लेट तीन मिलिमीटर खाली घेतोय, वजनं मात्र पेन्सिलच्या खुणेवरच राहू देणार.